गटारात टाकलेला खडा : 'अनुभव' या कसोटीचा फेरविचार

१

दलित साहित्याच्या समीक्षेत एक शब्द गेली पन्नास-साठ वर्षे चलनी नाण्यासारखा चालत आला आहे. तो शब्द म्हणजे 'अनुभव'. प्रस्थापित समीक्षकांनी आमच्या लेखनात घाट नाही, संयम नाही, भाषा शुद्ध नाही अशा तक्रारी केल्या तेव्हा आम्ही एकच उत्तर दिले : आमच्यापाशी अनुभव आहे आणि तो तुमच्यापाशी नाही. १९७२ साली 'गोलपिठा' आला, १९७८ साली 'बलुतं' आले, आणि या उत्तराचा प्रतिवाद कोणाला करता आला नाही. १९९६ साली शरणकुमार लिंबाळे यांनी दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र ग्रंथरूपाने मांडले, तेव्हाही चर्चा या शब्दाला ओलांडून फारशी पुढे गेली नाही. त्या काळात ते उत्तर आवश्यक होते.

पण कोणतीही कसोटी फार दिवस न तपासता वापरली की तिची सवय होते. अनुभव जितका दाहक तितके साहित्य श्रेष्ठ, असा एक हिशेब आपल्याकडे रूढ झाला. या हिशेबात एक प्रश्न विचारायचा राहून गेला. हा अनुभव माणसाला नेमके काय शिकवतो, आणि ते शिकणे त्याचा जीव वाचवायला पुरते काय?

हा प्रश्न एका मराठी चित्रपटातील काही मिनिटांच्या साक्षीने माझ्यापुढे उभा केला. या लेखात त्या साक्षीचे वाचन करायचे आहे. त्याचबरोबर आपल्या भोवतालच्या काही सरकारी मजकुरांचेही वाचन करायचे आहे. अधिनियम, आदेश, पंचनामे, प्रशिक्षणाच्या पुस्तिका हे सगळे मजकूरच आहेत. त्यांच्यातही कर्ता असतो, कर्म असते आणि वगळलेली माणसे असतात. त्यांची समीक्षा करण्याचे काम आपण वकिलांवर सोडून दिले आहे. साहित्याच्या अभ्यासकाने ते परत आपल्या हातात घ्यायला हवे असे मला वाटते.

२

चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' हा चित्रपट २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला. त्या वर्षाचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला. कथा अनेकांना ठाऊक असेल. नारायण कांबळे नावाचा वृद्ध लोकशाहीर वस्तीत गाणी गातो. वासुदेव पवार नावाचा गटारसफाई कामगार मॅनहोलमध्ये मेलेला सापडतो. शाहिराने कामगारांना गटारात गुदमरून मरायला सांगणारे गाणे म्हटले, ते ऐकून वासुदेवने आत्महत्या केली, असा आरोप ठेवून पोलीस शाहिराला अटक करतात. शाहिराची भूमिका नागपूरचे कार्यकर्ते आणि 'विद्रोही'चे संपादक वीरा साथीदार यांनी केली होती. २०२१ साली कोरोनाने ते आपल्यातून गेले. गाणी संभाजी भगत यांची.

या चित्रपटावर पुष्कळ लिहिले गेले. बहुतेकांनी तो न्यायव्यवस्थेवरचा आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरचा चित्रपट म्हणून वाचला. ते वाचन चूक नाही. न्यायाधीश, सरकारी वकील, बचावाचा वकील यांची घरे, त्यांचे जेवणखाण, त्यांच्या सुट्ट्या हे सगळे दिग्दर्शकाने फार बारकाईने दाखवले आहे. पण या वाचनात वासुदेव पवार खटल्याचे निमित्त होऊन राहतो. खटला गाण्याचा होतो, मरणाचा होत नाही. चित्रपट ज्या न्यायालयाची चिकित्सा करतो त्या न्यायालयाचीच दृष्टी समीक्षकांनीही उसनी घेतली आहे.

चित्रपटाचे केंद्र माझ्या मते वासुदेवच्या विधवेच्या साक्षीत आहे. तिला प्रश्न विचारले जातात, ती तुटक उत्तरे देते. रडत नाही, भाषण करीत नाही. तिच्या उत्तरांतून एवढे कळते : नवऱ्याला कामासाठी सुरक्षेचे कोणतेही साहित्य मिळत नव्हते. आतल्या वायूने त्याचा एक डोळा गेला होता. वास सोसवावा म्हणून तो दारू पिऊन उतरत असे. आणि उतरण्यापूर्वी तो मॅनहोलमध्ये खडा टाकत असे. खडा टाकल्यावर झुरळे हलली, बाहेर आली, तर आत हवा आहे असे समजायचे. काहीच हलले नाही तर आत वायू आहे.

खड्याचा हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. ज्याला सगळे अडाणी समजतात, ज्याला कोणी काही शिकवले नाही, त्याने स्वतःची एक परीक्षापद्धती शोधून काढली आहे. आत हवा आहे की नाही हे आधी तपासावे आणि मगच उतरावे, हे त्याला कळते. निरीक्षण आहे, प्रयोग आहे, निष्कर्ष आहे. याला विज्ञान म्हणायला काय हरकत आहे? ही पद्धत एका माणसाची नसणार. पिढ्यान्‌पिढ्या या कामात जुंपलेल्या जातींनी मरणे मोजून मोजून ती मिळवलेली असणार.

आपल्या समीक्षेची सवय अशी की ती येथे थांबते आणि टाळी देते. पण येथे थांबता येत नाही, कारण वासुदेव पवार मेला आहे.

३

गटारात आणि मैल्याच्या टाकीत काय असते ते एकदा नीट पाहू. साचलेला मैला कुजतो, प्राणवायू संपतो आणि हायड्रोजन सल्फाइड, मिथेन हे वायू साठतात. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाशी बसतो. थोड्या प्रमाणात त्याला कुजक्या अंड्यांसारखा वास येतो. पण हवेच्या दहा लाख भागांत तो शंभर भागांच्या आसपास गेला की नाकाची वास घेण्याची शक्तीच मरते. म्हणजे धोका वाढतो त्याच क्षणी वास नाहीसा होतो. माणसाला वाटते, वायू गेला. हेच प्रमाण सातशे ते हजारच्या घरात गेले तर एकदोन श्वासांत माणूस कोसळतो.

झुरळ माणसापेक्षा कमी हवेत तग धरते. त्यामुळे झुरळ जिवंत आहे याचा अर्थ माणूस जिवंत राहील असा होत नाही. शिवाय वायूचा मोठा साठा मैल्याच्या थरात अडकलेला असतो. वर उभे राहून खडा टाकला तेव्हा हवा ठीक असेलही, पण खाली उतरून खोऱ्याने गाळ हलवला की तो वायू एकदम सुटतो. खडा वरची हवा सांगतो. गाळाच्या आत काय आहे ते त्याला सांगता येत नाही.

या खड्यात दोन गोष्टी एकत्र आहेत. एक, कामगाराची बुद्धी. दोन, त्याच्या हातात वायुमापक यंत्र कोणी दिले नाही ही वस्तुस्थिती. मुठीत मावेल एवढे ते यंत्र असते, धोक्याची पातळी गाठताच वाजते आणि ते नवलाईचे राहिलेले नाही. यंत्र असते तर खडा लागला नसता. खडा हे ज्ञान आहे, पण ते अभावातून जन्मलेले ज्ञान आहे. त्याचा गौरव करायचा तर अभावाचाही गौरव होतो की काय, हे तपासले पाहिजे.

'अनुभव' या कसोटीचा फेरविचार येथूनच सुरू होतो. आपण अनुभवाला प्रमाण मानले ते ब्राह्मणी ग्रंथप्रामाण्याच्या विरोधात. ती भूमिका आजही सोडायचे कारण नाही. परंतु शोषिताचा अनुभव ही शोषणानेच आखून दिलेल्या कुंपणाच्या आतली गोष्ट असते, हे विसरून चालणार नाही. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे निर्मूलन' या भाषणात दाखवून दिले की जातिव्यवस्था कामांची वाटणी करून थांबत नाही, ती काम करणाऱ्यांचीच वाटणी करते. याला आणखी एक गोष्ट जोडली पाहिजे : ती ज्ञानाचीही वाटणी करते. हायड्रोजन सल्फाइडचे गुणधर्म रसायनशास्त्राच्या वर्गात शिकवले जातात आणि त्या वायूत उतरणारा माणूस त्या वर्गात कधी बसलेला नसतो. एकाकडे माहिती, दुसऱ्याकडे धोका. ही फाळणी मिटवण्याचे काम जे साहित्य करीत नाही, ते कितीही दाहक असले तरी अर्धे आहे.

४

आता भाषेकडे वळू. मराठी व्याकरणात प्रयोजक क्रियापद नावाचा एक प्रकार शाळेत शिकवतात. बसणे – बसवणे, निजणे – निजवणे, उतरणे – उतरवणे. पहिल्यात माणूस स्वतः करतो, दुसऱ्यात त्याच्याकडून कोणीतरी करवून घेतो. सफाई कामगाराच्या मृत्यूची बातमी आपल्या वृत्तपत्रांत कशी येते ते पाहा. 'टाकीत उतरलेल्या कामगाराचा गुदमरून मृत्यू' अशी ती येते. 'उतरलेल्या'. जणू तो विहिरीवर पोहायला गेला होता. 'उतरवलेल्या' असा शब्द छापलेला मी क्वचितच पाहिला आहे. एका 'व' अक्षराचा फरक आहे, पण त्या अक्षरात मुकादम, कंत्राटदार, सोसायटीचा सेक्रेटरी, अभियंता आणि मुख्याधिकारी एवढी माणसे दडून बसलेली आहेत.

'कोर्ट'मधला आरोप या दृष्टीने वाचला की त्यातला उपहास अधिक धारदार होतो. पोलिसांनाही प्रयोजक क्रियापद येते. पण ते त्यांनी शाहिराला लावले : याने त्याला मरायला लावले. ज्याने त्याला साधनांशिवाय उतरवले त्याच्यासाठी मात्र वाक्य कर्त्याविना राहते. कायद्यातही हा फरक आकड्यांनी दिसत होता. त्या वेळच्या भारतीय दंड संहितेत आत्महत्येस प्रवृत्त करण्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा होती आणि निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याला दोन वर्षांपर्यंत. गाण्याची किंमत मॅनहोलच्या पाचपट! १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता आली. तिच्यात निष्काळजीपणाची शिक्षा पाच वर्षांपर्यंत वाढली, पण आत्महत्येस प्रवृत्त करण्याची दहा तशीच राहिली.

कायद्याची भाषा वृत्तपत्रांपेक्षा अधिक सावध आहे, पण तीही वाचून पाहिली पाहिजे. १९९३ साली मैला वाहून नेण्याच्या प्रथेवर बंदी घालणारा पहिला केंद्रीय कायदा झाला. २०१३ साली दुसरा झाला. त्याच्या सातव्या कलमाने गटार आणि सेप्टिक टँक यांच्या 'धोकादायक सफाई'साठी कोणालाही, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष, कामाला लावण्यास मनाई केली. 'कामाला लावणे' हे प्रयोजक आहे, हे चांगले झाले. परंतु 'धोकादायक सफाई' म्हणजे काय, तर मालकाने संरक्षक साधने व यंत्रे न देता, खबरदारी न घेता हाताने करवून घेतलेली सफाई. म्हणजे साधने दिली की तेच काम धोकादायक राहत नाही! माणूस तोच, टाकी तीच, जात तीच. याच कायद्याच्या नियमांत साधनांची चाळीसहून अधिक नावांची यादी आहे. श्वसनयंत्र, वायुमापक, कमरेचा पट्टा, तिपाई, हवा भरण्याचे यंत्र अशी ती यादी आहे. ती वाचताना खड्याची आठवण येते. यादीत खडा नाही आणि कामावर यादी नाही.

२७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सफाई कर्मचारी आंदोलनाच्या याचिकेवर निर्णय दिला आणि १९९३ पासून गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबाला दहा लाख रुपये द्यावेत असे सांगितले. २० ऑक्टोबर २०२३ च्या निर्णयाने ती रक्कम तीस लाख झाली. डिसेंबर २०१९ मध्ये गोवंडीत एका खाजगी सोसायटीच्या टाकीत मेलेल्या तीन कामगारांच्या विधवांना दहा लाख मिळावेत म्हणून उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. सप्टेंबर २०२१ मध्ये त्यांना निर्णय मिळाला. नुकसानभरपाई मिळालीच पाहिजे, त्यात वाद नाही. परंतु मेल्यानंतरची रक्कम वाढत जाते आणि मरण्याआधीचे शिक्षण शून्यच राहते, याचा अर्थ काय घ्यायचा?

'कोर्ट'मध्ये बचावाचा वकील त्या विधवेला गाडीतून घरी सोडतो आणि पैसे देऊ करतो. ती पैसे घेत नाही. काही काम असेल तर सांगा, म्हणते. समीक्षकांनी याला स्वाभिमान म्हटले. स्वाभिमान आहेच. पण त्या उत्तरात भरपाईच्या राजकारणावरची टीकाही आहे. दयेच्या आणि दानाच्या भाषेतून ती हक्काच्या भाषेत येते, आणि तेही आवाज न चढवता.

५

हे सारे मुंबईचे आहे, आसनगाव-शहापूरकडच्या माणसाने त्याची चिंता का करावी, असे कोणी विचारील. याचे उत्तर पाण्यात आहे. तानसा आणि भातसा ही धरणे आमच्या शहापूर तालुक्यात. तानसाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जात आहे. उन्हाळ्यात येथल्या वाड्या-पाड्यांवर टँकरची वाट पाहत हंडे रांगेत लागतात आणि येथलेच पाणी मुंबईच्या नळांतून, मोऱ्यांतून, संडासांतून जाऊन गटारात पोहोचते. वासुदेव पवार ज्या पाण्यात गुदमरला ते कोठून आले असेल याचा विचार करावा. वरच्या टोकाला तहानलेला आदिवासी आणि खालच्या टोकाला गुदमरलेला दलित. मधल्या शंभर किलोमीटरांना नागरी सुविधा म्हणतात.

दुसरे असे की आता शहरच येथे येऊन ठेपले आहे. कसारा लोकलच्या आधाराने आसनगावात मुंबईत घर न परवडणारी माणसे राहायला आली. इमारती उठल्या. अशा वाढत्या गावांत महानगरासारखी भुयारी गटारे नसतात. प्रत्येक इमारतीच्या पोटात सेप्टिक टँक असतो. तो कधीतरी भरतो. तेव्हा कोणाला तरी बोलावले जाते. मे २०१९ मध्ये ठाण्याच्या ढोकाळीत एका गृहसंकुलाच्या सांडपाणी प्रकल्पाच्या टाकीत तीन कामगार गुदमरून मेले. ते जिल्ह्याचे शहर आहे, तेथे अग्निशमन दल आहे. ग्रामपंचायतीच्या हद्दीत असा प्रसंग आला तर काय आहे?

कायदा याचेही उत्तर देतो. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचे ४१ वे कलम सांगते की स्थानिक प्राधिकरणाने आपले अधिकारी व कर्मचारी यांना आपत्ती व्यवस्थापनाचे प्रशिक्षण मिळेल याची खातरजमा करावी. 'स्थानिक प्राधिकरण' या शब्दात महापालिका, नगरपंचायत आणि ग्रामपंचायत सगळ्या येतात. वाक्य चांगले आहे. पण समीक्षकाने 'कर्मचारी' या शब्दापाशी थांबावे. कर्मचारी कोण? जो पगारपत्रकावर आहे तो. गटार काढणारा, घंटागाडीवरचा, नाला उपसणारा हा बहुतेक ठिकाणी कंत्राटदाराचा माणूस असतो. मुंबईत तर कचरा उचलणाऱ्या कंत्राटी कामगारांना कागदावर 'स्वयंसेवक' म्हटले गेले. पोटासाठी रोज मैला उचलणारा माणूस स्वयंसेवक! कचरा वाहतूक श्रमिक संघाने या शब्दाविरुद्ध वर्षानुवर्षे लढा दिला आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयात २,७०० कामगारांना कायम करण्याचा निर्णय मिळवला. तो लढा वेतनाचा होता तितकाच नामाभिधानाचाही होता. ज्याला नाव नाही त्याला प्रशिक्षण नाही, हातमोजा नाही, विमा नाही.

काही वर्षांपूर्वी राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांना घेऊन मी एका आपत्ती प्रशिक्षणाला गेलो होतो. सभागृहात अधिकारी, लिपिक, शिक्षक बसले होते. आग विझवण्याचे नळकांडे कसे वापरायचे ते दाखवले, जखमीला स्ट्रेचरवर कसे घ्यायचे ते दाखवले. सफाई कामगारही तेथे होते. त्यांनी सकाळी खुर्च्या लावल्या, मधल्या सुटीत चहा दिला, शेवटी सभागृह झाडले. माझ्या वर्गातल्या एका मुलीने विचारले, सर, ह्यांना का नाही बसवलं? मी तोच प्रश्न आयोजकांपुढे ठेवला. उत्तर आले, ते आपले नाहीत, कंत्राटदाराचे आहेत. प्रमाणपत्रे बसलेल्यांना मिळाली. प्रत्यक्ष आपत्तीत पहिला हात कोणाचा लागणार आहे हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होते.

आणि आपत्ती येथे कल्पनेतली नाही. २९ ऑगस्ट २०१७ च्या पहाटे मुसळधार पावसात रुळांवर दरड आली आणि नागपूर-मुंबई दुरांतो एक्स्प्रेसचे इंजिन आणि नऊ डबे वाशिंद-आसनगावच्या दरम्यान घसरले. चालकाने वेळेवर ब्रेक लावला म्हणून जीव वाचले. हा प्रशिक्षणाचाच परिणाम होता, आणि त्या चालकाला कोणी स्वयंसेवक म्हटले नव्हते. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली, हजाराहून अधिक प्रवासी सुखरूप काढले गेले. नौदल, राष्ट्रीय दल आले, पण त्यांच्या बरोबरीने आसपासचे गावकरीही राबले.

उलट ३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर शहापूर तालुक्यातल्याच सरळांबे येथे समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर बसवणारे अवाढव्य यंत्र कोसळले आणि २० माणसे मेली. त्यांत दूरच्या राज्यांतून आलेले मजूर होते. त्या रात्रीच्या मथळ्यांतही 'यंत्र कोसळले' असेच आले. येथे कर्ता यंत्र झाले. सेप्टिक टँकच्या बातमीत मेलेला माणूस कर्ता असतो, पुलाच्या बातमीत यंत्र कर्ता असते. काम करवून घेणारा मात्र दोन्ही वाक्यांत नसतो. २०२५ च्या जूनमध्ये महामार्गाचा इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला. आता गाड्या त्यावरून वेगाने जातात.

६

मग आपल्या साहित्याने काय करावे? पूर्वसूरींनी कामाच्या जागेकडे पाठ फिरवली होती असे नाही. बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या कथेत रेल्वेची नोकरी आहे आणि नोकरीच्या जागी जात कशी जिवावर उठते ते आहे. अण्णा भाऊ साठ्यांनी १९५८ च्या पहिल्या दलित साहित्य संमेलनात पृथ्वी कष्टकऱ्यांच्या तळहातावर तरलेली आहे असा विचार मांडला. पण नंतरच्या काळात आपल्यातला लिहिणारा माणूस शिकला, शिक्षक झाला, बँकेत गेला आणि आत्मकथनात बालपणाच्या गावकुसापर्यंत परत जात राहिला. त्याच्याच वस्तीतला भाऊ पहाटे गमबूटांशिवाय नाल्यात उतरत होता. त्याचे काम, त्याचे कौशल्य, त्याच्या भीतीची रोजची रीत हा विषय आपण छायाचित्रकारांवर आणि माहितीपट करणाऱ्यांवर सोडला. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांची जी छायाचित्रे काढली त्यांच्या तोडीचे गद्य आपल्याकडे किती आहे?

'कोर्ट'बद्दलही एक मर्यादा नोंदवली पाहिजे. हा चित्रपट मॅनहोल दाखवत नाही. वासुदेवला काम करताना दाखवत नाही. न्यायालयाला जे दिसत नाही ते प्रेक्षकालाही दिसू द्यायचे नाही, हा दिग्दर्शकाचा निर्णय कलेच्या दृष्टीने प्रामाणिक आहे. परंतु त्यामुळे कामगार पुन्हा एकदा दुसऱ्याच्या तोंडून कळतो, आणि तोही मेल्यावर.

याच्या समोर मी एक नाट्यप्रयोग ठेवतो. गो. पु. देशपांडे यांचे 'सत्यशोधक' हे जोतीराव फुल्यांवरचे नाटक २०१२ साली अतुल पेठे यांनी पुणे महानगरपालिका कामगार युनियनच्या सहकार्याने रंगमंचावर आणले. त्यात प्रत्यक्ष सफाई कामगार नट म्हणून उभे राहिले. जोतीराव स्वतः १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. ज्या संस्थेत बसून त्यांनी सामान्यांच्या पाण्याचा आणि शिक्षणाचा विचार केला, त्याच संस्थेचे झाडूवाले त्यांचे जीवन सांगत होते. या प्रयोगाचे मूल्यमापन पुष्कळांनी अभिनयाच्या आणि संगीताच्या अंगाने केले. मला त्यात वेगळी गोष्ट दिसते. ज्या माणसांना आयुष्यभर फक्त हुकूम पाठ करायला लावले, त्यांनी विचार पाठ केला, प्रश्न विचारला, आपल्या आवाजाची फेक ओळखली. महापालिकेच्या कर्मचाऱ्यांचे याहून मोठे प्रशिक्षण कोणते? ज्याला रंगमंचावर उभे राहून बोलता येते, त्याला टाकीच्या तोंडाशी उभे राहून 'मी उतरणार नाही' असेही म्हणता येते. सुरक्षिततेचे पहिले साधन नकार हे आहे. दलित साहित्याने ज्याला मूल्य मानले तो नकार येथे अक्षरशः जीव वाचवतो.

परंतु नकारालाही माहितीची जोड लागते. टाकीत एकजण पडला की दुसरा त्याला काढायला धावतो आणि तोही पडतो, मग तिसरा. अशी दुहेरी-तिहेरी मरणे या कामात वारंवार दिसतात. मरणारा दुसरा माणूस भाऊ असतो, मेहुणा असतो, शेजारी असतो. त्याला मारते ती माया आणि अज्ञान यांची बेरीज. पडलेल्याच्या मागे उतरू नये, आधी हवा खेळवावी, कमरेला दोर बांधल्याखेरीज कोणी आत जाऊ नये, वर ओढणारा माणूस वरच राहावा, ही चार वाक्ये वस्तीतल्या प्रत्येक पोराला पाठ असली पाहिजेत. शाहिरांनी ती गाण्यात घालावीत. जलशाची परंपरा आपल्याकडे आहे. सत्यशोधकांच्या आणि आंबेडकरी जलशांनी अंधश्रद्धा, व्यसने, शिक्षण यांवर गाणी केली, मग वायूवर का करू नयेत? 'कोर्ट'मधल्या शाहिरावर कामगारांना मरायला लावल्याचा खोटा आरोप झाला. खऱ्या शाहिराने कामगारांना जगायला लावल्याचा पुरावा ठेवावा.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते झरिया-राणीगंजच्या कोळसा खाणी पाहायला गेले आणि स्वतः खाणीत उतरले. येथे 'उतरणे' हे क्रियापद खरोखर स्वतःचे आहे. मजुराचे काम कसे असते ते त्यांना अहवालात वाचून समजून घ्यायचे नव्हते. पण ते खाली राहिले नाहीत. वर येऊन त्यांनी खाणकामगारांच्या कल्याणासाठी कायदे केले. उतरणे, जाणणे आणि वर येऊन व्यवस्था बदलणे, अशी ही तीन पावले आहेत. आपल्या साहित्याने पहिले पाऊल फार मोठ्या ताकदीने टाकले. दुसरे अर्धवट टाकले. तिसऱ्याची जबाबदारी फक्त कार्यकर्त्यांवर सोडता येणार नाही.

म्हणून 'अनुभव' ही कसोटी टाकून द्या असे माझे म्हणणे नाही. तिच्या शेजारी दुसरी कसोटी उभी करा, एवढेच म्हणणे आहे. या लेखनाने अनुभवाला ज्ञानापर्यंत नेले काय? प्रयोजक क्रियापदाचा लपलेला कर्ता उघड केला काय? कथेतला, कवितेतला, आत्मकथनातला माणूस शेवटी फक्त सोसतो की सोसायला लावणाऱ्याचे नाव घेतो?

शिक्षक आणि विद्यार्थी यांना एक काम तातडीने करता येईल. पुढच्या ग्रामसभेत किंवा नगरपंचायतीच्या सभेत लेखी विचारावे : आमच्या हद्दीत गटारे आणि टाक्या कोण साफ करतो, त्यांची नावे काय, त्यांतल्या कितींना ४१ व्या कलमाप्रमाणे प्रशिक्षण दिले, वायुमापक यंत्र कोठे ठेवले आहे आणि ते कोणाला वापरता येते? उत्तर लेखीच घ्यावे आणि तो कागद जपून ठेवावा. नाव नोंदले गेले की माणूस 'कंत्राटदाराचा' राहत नाही. आणि ते यंत्र हातात आल्यावर कोणालाही मॅनहोलच्या तोंडाशी वाकून झुरळांची वाट पाहावी लागणार नाही.